झाकोबावरचं धोतर

मॅट्रिकला दुसऱ्यांदा नापास झालो आणि मी धोतर नेसायला लागलो. या दोन गोष्टींचा संबंध लोकांना कळत नाही, पण आमच्या घरात तो उघड होता. वडील कोल्हापुरात, शिवाजी पेठेत मास्तर. निकाल लागला त्या दिवशी त्यांनी माझ्या दोन्ही हाफ पँटी घडी घालून धाकट्या भावाच्या ट्रंकेत ठेवल्या आणि म्हणाले, "विद्यार्थीदशा संपली." मला मात्र धोतरात सोयच दिसली. धोतरातल्या माणसाला परगावी कुणी 'कितवीत आहेस' असं विचारत नाही. नुकतंच संस्थान विलीन झालं होतं आणि तालमीच्या कट्ट्यावर त्यावरून रोज वाद चालत. आमच्या सोप्यात संस्थान गेल्यापेक्षा माझं गणित गेल्याचं दुःख मोठं होतं. वडिलांनी आठ दिवस विचार केला आणि मला राधानगरीच्या वर, रानात, मामाकडे धाडलं. "तिथे फुटबॉल नाही," एवढंच कारण त्यांनी सांगितलं.

मामाची वाडी म्हणजे सात घरं. राधानगरीपासून नऊ मैल, आणि शेवटची खिंड अशी की बैलगाडी खालीच सोडून माणसानं पुढं जायचं. खिंडीच्या माथ्यावर आलं की समोर एकदम झाकोबा. पायथ्यापासून वरपर्यंत झाडी इतकी दाट की डोंगराला माती असेल हे ऐकूनच खरं मानायचं. माथ्यावर मात्र एक काळी उघडी शिळा, भरगच्च केसांत टक्कल पडावं तशी. ओढा त्याला तिन्ही अंगांनी वळसा घालून जायचा. ओढ्याकाठी भाताची खाचरं आणि खाचरांच्या वर पाच वाड्या, ताटाच्या कडेनं वाट्या मांडल्यासारख्या. ऊनसुद्धा झाकोबाच्या मर्जीनं यायचं. आमच्या वाडीत सकाळी नऊशिवाय येत नसे, पलीकडच्या वाडीतून चारलाच निघून जाई. सूर्य झाकतो म्हणून झाकोबा. तो देवाचा डोंगर, त्याच्या रानात कुऱ्हाड चालत नसे. वाळकी काटकी पडली तरी ती तिथंच कुजायची, आणि बायका सरपणासाठी दीड मैल उलट्या दिशेला जायच्या.

मधे डोंगर असल्यामुळे एका वाडीतून दुसरी दिसत नसे. पाचही वाड्यांतून दिसणारी गोष्ट एकच, ती शिळा. म्हणून त्या खोऱ्यात एक रीत होती. कुठल्या वाडीवर काही बेतलं, म्हणजे कुणी मेलं, कुणाला अस्वलानं फोडलं, बाळंतीण अडली, तर एकानं पळत डोंगरावर जायचं आणि शिळेवर पांढरं कापड अंथरायचं. कापडाचं टोक ज्या अंगाला लोंबेल त्या वाडीकडे बाकीच्या चार वाड्यांनी धावायचं. टोक कुठंच लोंबत नसेल, कापड मधोमध असेल, तर माणूस डोंगरावरच संकटात आहे; मग सगळ्यांनी वर यायचं. आणि कुणीतरी येऊन 'उचल' म्हणेपर्यंत कापड उचलायचं नाही.

हे मामीनं मला पहिल्याच संध्याकाळी, चुलीपाशी बसून, नीट समजावून सांगितलं होतं. मीही 'व्हय, व्हय' म्हणत होतो. पण तव्यावर नाचणीची भाकरी फुगत होती, काठवटीशेजारी हुलग्याचं माडगं ठेवलं होतं, वर लसणीचा खर्डा, आणि माझं सगळं लक्ष तिसरी भाकरी मागितली तर बरं दिसेल का या प्रश्नात गुंतलं होतं. गणितही माझं असंच गेलं.

मामीचं नाव सोना. लग्नाला चौदा वर्षं झालेली, दोन मुलं पोटातच गेलेली. या खेपेला सातवा महिना संपत आला होता आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. बोललं की नजर लागते. तरी ती रोज पहाटे उखळात भात कांडायची. त्या मुसळाच्या धुम् धुम् आवाजानं मला जाग यायची. मामा म्हणायचा, "अगं, बस की जरा." ती म्हणायची, "बसले तर जास्त भ्या वाटतं." मामा तुकाराम, दम्याचा माणूस, बोलणं मोजकं. मला कामाला लावण्याचे त्यानं दोन दिवस प्रयत्न केले. पहिल्या दिवशी मी म्हैस पिळायला बसलो, तिनं मला शेणात बसवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं मला काहीच सांगितलं नाही.

आठव्या दिवशी मला कोल्हापूरची आठवण अनावर झाली. झाकोबाच्या माथ्यावरून कोल्हापूर दिसत असणार, निदान देवळाचं शिखर तरी, असं माझ्या मनानं घेतलं. भूगोलात मी पास होतो, हे इथं सांगितलं पाहिजे. जेवण करून निघालो. ओढा ओलांडताना शेवाळावरून पाय गेला आणि मी कमरेपर्यंत चिखलात बसलो. धोतर काढलं, ओढ्यात धुतलं, पिळून खांद्यावर टाकलं आणि लंगोट आणि शर्ट अशा थाटात डोंगर चढू लागलो. आत अंधारी सावली होती. जांभळी, अंजन, वर गेलेले वेल. डोक्यावरून मोठा धनेश पंख वाजवत गेला तेव्हा मी खाली बसलो, भक्तीनं नव्हे. कापड वाळवायला हातभर ऊन कुठं नाही. तासाभरानं माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन होतं ते फक्त शिळेवर.

कोल्हापूर दिसलं नाही. डोंगरामागं डोंगर दिसले. मी शिळेच्या मधोमध धोतर अंथरलं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले, अगदी एकही चुणी पडणार नाही असं ताणून. आयुष्यात इतक्या निगुतीनं मी दुसरं काम केलेलं नाही. मग शिळेच्या आडोशाला सावलीत आडवा झालो आणि झोपलो.

जाग आली ती पाचोळ्याच्या आवाजानं. एका बाजूनं नाही, सगळ्या बाजूंनी. काहीतरी मोठं, खूप, वर येत होतं आणि फांद्या मोडत होत्या. गव्यांचा कळप, मी मनाशी म्हटलं. मग वाटलं, अस्वलं. मी जवळच्या जांभळीवर चढलो. किती वेळात, ते विचारू नका. तालमीत दोरीवर चढताना वस्ताद मला 'पोतं' म्हणायचे, त्यांनी ते पाहायला हवं होतं. फांदीला मिठी मारून डोळे मिटले. आणि खालून माणसाचा आवाज आला, "कापड हाय. मानूस न्हाई."

डोळे उघडून पाहिलं तर चाळीसेक माणसं. कुऱ्हाडी, काठ्या, दोर. दोघांच्या खांद्यावर डोली, म्हणजे बांबूला बांधलेलं घोंगडं. कुणाच्या हातात अजून खाचरातला चिखल, एक जण अर्धी दाढी केलेला. छात्या भात्यासारख्या हलत होत्या. "ओढून न्हेलं वाटतं," कुणीतरी म्हणालं. "रगात बघा कुठं सांडलंय का." चाळीस माणसं वाकून माझं रक्त शोधू लागली. त्यांत माझा मामा होता. त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि तो धोतराच्या काठावर हात फिरवत होता. त्यानं ते ओळखलं होतं.

त्या क्षणी अस्वलानं मला खरंच नेलं असतं तर बरं, असं वाटलं. मी खोकलो.

चाळीस माणसांनी वर पाहिलं. मी लंगोटात, मिठी मारलेला. तेवढ्यात खालच्या झाडीतून दोघांनी धरून एका माणसाला वर आणलं. पलीकडच्या वाडीचा केरबा. पन्नाशीचा, गलमिश्यांचा, पाच वाड्यांत सगळ्यात तिखट तोंडाचा. धावत येताना दगडावरून त्याचा पाय सटकला होता आणि गुडघा फुगून भोपळ्यासारखा झाला होता. त्यानं शिळेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सगळं त्याच्या ध्यानात आलं.

"काय पावणं," तो शांतपणे म्हणाला, "धोतर वाळलं का?"

त्यानंतर त्यानं ज्या शिव्या दिल्या त्या मी इथं लिहीत नाही. या पुस्तकाची किंमत परवडण्यासारखी राहिली पाहिजे. मी खाली उतरलो, मामानं धोतर माझ्या हातात दिलं. ते वाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मामानं पाचही वाड्या पालथ्या घातल्या. प्रत्येक दारात हात जोडून उभा राहायचा आणि मी त्याच्या मागे, मान खाली घालून. काही ठिकाणी हसले, काही ठिकाणी ताक दिलं. एका दारात म्हातारी मला म्हणाली, "मास्तराचं लेकरू न्हवं तू? तुला कुणी शिकिवलं न्हाई व्हय?" शेवटी केरबाचं घर. तो सोप्यात गुडघ्याला हळदीचा लेप लावून पडला होता.

"माझ्या गुडघ्याचं सोड, तुका," तो म्हणाला. "ह्यो येका म्हयन्यात बरा हुतोय, न्हाईतर आयुष्यभर लंगडतोय. पर आमच्या वाडीतल्या बायका काय म्हणाल्यात, ऐकलंस? परत कापड दिसलं तर उठायचं न्हाई म्हणाल्यात. मास्तराच्या पोरानं धुनं घातलं असंल म्हणत्यात."

संध्याकाळी मामानं ते मामीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला, दुसरा हात पोटावर गेला, आणि मग पुन्हा थापू लागली. त्या रात्री मी तिसरी भाकरी मागितली नाही.

मी कोल्हापूरला परत जायला निघालो होतो. मामीच म्हणाली, "ऱ्हा की. असं तोंड लपवून गेलास तर जल्मभर लपवत फिरशील." म्हणून राहिलो. शेण काढायला शिकलो, म्हैस मला बसू देऊ लागली. खोऱ्यातलं कुणीही वाटेत भेटलं की एकच विचारायचं, "धोतर वाळलं का?" लहान मुलंसुद्धा. मी हसायचो. आतून मात्र मला रोज सकाळी त्या शिळेकडे बघायची सवय लागली होती. ती अजून आहे. सून गच्चीवर चादरी वाळत घालते तेव्हा मी वर जाऊन बघून येतो की कठड्यावरून टोक कुणाच्या बाजूला लोंबतंय. ती म्हणते, "बाबा, वारा लागू दे की त्यांना." तिला काय सांगणार?

वीस-बावीस दिवसांनी एका सकाळी मला मुसळाच्या आवाजानं जाग आली नाही. उजाडून गेलं होतं आणि घर गप्प होतं. बाहेर आलो तर मामा उंबऱ्यावर बसलेला. आतून मामीचा आवाज येत होता, ओरडणं नव्हे, दात आवळल्यावर येतो तसा. वाडीतली सुईण रात्रीपासून आत होती. थोड्या वेळानं ती हात पुसत बाहेर आली. "तुका, पोर आडवं हाय. माझ्या हातचं काम न्हाई ह्ये. दवाखान्यात न्ह्या. दिस मावळायच्या आत."

दवाखाना राधानगरीला, नऊ मैल, मधे खिंड. डोलीला एका वेळी चार खांदे लागतात आणि खिंडीत दर शंभर पावलांवर ते बदलावे लागतात. बारा-पंधरा माणसांशिवाय बाळंतीण खाली पोचत नाही. आमच्या वाडीतले हातीपायी धड असलेले सगळे गडी जंगलाच्या कूपावर लाकूडतोडीला गेले होते, चार दिवसांनी येणार होते. वाडीत पुरुष म्हणजे मामा, दोन म्हातारे, आणि मी. एकेका वाडीत पळत जाऊन सांगायचं तर डोंगराला वळसा घालता घालता दुपार झाली असती. पाचही वाड्यांना एकदम सांगणारी जागा एकच होती.

मामानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्या क्षणी त्याला दुसरा कुणीही चालला असता. दाराआडून मामीचा आवाज आला. "त्येला नगा धाडू. त्येचं कापड बघून कोन येतंय?"

मग मामा म्हणाला, "दुसरं हाय कोन गं?" आणि मला म्हणाला, "सोड ते."

मी तिथंच धोतर सोडलं. मामानं ते हातात घेऊन उजेडात धरलं, डाग आहे का बघितलं, आणि माझ्या खांद्यावर टाकलं. "टोक आपल्या अंगाला. हातभर लोंबू दे. आन् उचल म्हणाय कुणी येईस्तवर हलायचं न्हाई. म्या डोली बांधतो. कुनी न्हाईच आलं तर आमी तिघं उचलतो."

तो आणि ते दोन म्हातारे. एकाला मोतीबिंदू होता.

फुटबॉलनं मला आयुष्यात काही दिलं असेल तर ती त्या दिवसाची चढण. तासाची वाट मी निम्म्या वेळात चढलो. पोचलो तेव्हा तोंडात रक्ताची चव होती. धोतर पसरलं, टोक आमच्या वाडीच्या अंगाला सोडलं, दगड ठेवले. वारा होता, दगड हलायला लागले तसा मी स्वतःच एका कोपऱ्यावर बसलो.

आणि मग कळलं की तिथून काहीच दिसत नाही. वाड्यांची कौलं दिसत होती, धूर दिसत होता, पण वाटा सगळ्या झाडीखाली. कुणी निघालं का, कुणी धावतंय का, हे कळायला मार्ग नव्हता. फक्त पलीकडच्या वाडीतलं एक खळं उघडं होतं. त्यात एक माणूस उभा होता, मुंगीएवढा. त्यानं डोळ्यांवर हात धरून शिळेकडे पाहिलं. मी उभा राहून दोन्ही हात हलवले. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग घरात गेला. मी वाट पाहिली. तो काठी घेऊन बाहेर येईल, दोर घेऊन येईल. तो बाहेर आला नाही.

मी ओरडायला लागलो. झाडीनं आवाज गिळला. घसा बसल्यावर मी झाकोबाशी बोलायला लागलो. मामी वाचू दे, मी मॅट्रिक पास होईन, असा नवस केला. मग देव म्हटल्यावर त्याला माझे मार्क माहीत असणार हे लक्षात आलं आणि नुसत्या गणितावर आलो. तेही जमण्यासारखं नव्हतं. शेवटी म्हटलं, मी काहीच देऊ शकत नाही, तरी बघ. सूर्य डोक्यावर आला. माझी सावली पायात गोळा झाली आणि मग दुसऱ्या बाजूनं निघाली. खाली कुठंतरी ते तिघं नऊ मैलांच्या वाटेवर डोली उचलून निघाले असतील, आणि त्यातला एक खोकत असेल. दोनदा उठलो, पळत खाली जावं, चौथा खांदा तरी होईल. दोनदा परत बसलो. उचल म्हणेपर्यंत उचलायचं नाही. एवढी एक गोष्ट तरी मला ऐकायची होती.

डोंगराची सावली पलीकडच्या वाडीवर चढली, म्हणजे चार वाजले. तेव्हा पाचोळा वाजला. या वेळी एकाच बाजूनं. एक पाऊल पडायचं, मग काहीतरी घासत यायचं. पुन्हा पाऊल, पुन्हा घासणं. बऱ्याच वेळानं झाडीतून काठी बाहेर आली, मग गलमिश्या.

केरबा शिळेला टेकला. त्याला बोलायला दम नव्हता. मलाही विचारायला नव्हता.

"तुझ्या वाडीवरनंच आलो. सव्वीस मानसं जमली," तो म्हणाला. "चारी वाड्यांची. डोली मगाशीच खिंड उतरली. पळत न्हेली."

"तुमच्या खळ्यातला माणूस बघून घरात गेला," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

"मीच की त्यो. कापड दिसलं, म्हणून पोरांस्नी उठवाय आत गेलो. ती मागच्या दारानं गेली, मागनं मीबी, तिकडनं वाट जवळ पडती." त्यानं गुडघा हातानं सरळ केला. "बायका म्हनत हुत्या, धुनं असंल. म्हटलं, असंल. मागच्या खेपेला येऊन शिव्या दिल्या. ह्या खेपेला न जाता कुनाला देऊ?"

"मामी वाचेल का?"

"त्ये दवाखान्याचं काम. आपलं झालं." त्यानं काठी शेजारी ठेवली. "मला खांदा द्याला हुईना. म्हटलं, निदान ह्येला तरी जागं करून यावं. झोपला असंल."

मामी अठराव्या दिवशी त्याच खिंडीतून परत आली, चालत. मामाच्या हातात घोंगड्यात गुंडाळलेली मुलगी होती. ती आता स्वतः आजी आहे. केरबा मात्र शेवटपर्यंत लंगडत राहिला. पण ते सगळं पुढचं. त्या दुपारी आम्हा दोघांनाही त्यातलं काही माहीत नव्हतं. मी त्या कोपऱ्यावर तसाच बसून होतो, पायाला मुंग्या आलेल्या, आणि उठायचं मला सुचत नव्हतं.

केरबानं काठीनं धोतराचं लोंबतं टोक वर सारलं.

"वाळलंय," तो म्हणाला. "उचल आता."